विद्यार्थ्यांचे हात : डॉ. इग्नाझ सेमेलवाइस

हात स्वच्छ धुवा, हे आपण बालवाडीपासून ऐकत आलो आहोत. करोनाच्या साथीत तर ते भिंतीभिंतीवर लिहिलेले होते. एवढी साधी गोष्ट शिकवता शिकवता एका माणसाचे आयुष्य उद्ध्वस्त झाले, यावर चटकन विश्वास बसत नाही. आणि ज्यांना ती शिकवावी लागली ते कोण होते? युरोपातल्या एका नामांकित विद्यापीठाचे विद्यार्थी आणि प्राध्यापक! म्हणूनच डॉ. इग्नाझ सेमेलवाइस यांचे चरित्र आपण विद्यार्थ्यांनी मुद्दाम वाचावे असे मला वाटते.

सेमेलवाइस यांचा जन्म १ जुलै १८१८ रोजी हंगेरीतील बुडा या गावी झाला. आजच्या बुडापेस्टचा तो एक भाग आहे. वडिलांचा किराणा मालाचा व्यापार होता. १८३७ साली इग्नाझ कायदा शिकण्यासाठी व्हिएन्नाला गेले, पण वर्षभरातच त्यांनी वैद्यकशास्त्राची वाट धरली. १८४४ मध्ये ते डॉक्टर झाले आणि १८४६ च्या जुलैत व्हिएन्नाच्या सार्वजनिक रुग्णालयातील पहिल्या प्रसूतिविभागात प्राध्यापक योहान क्लाइन यांचे साहाय्यक म्हणून रुजू झाले.

या रुग्णालयात प्रसूतीचे दोन विभाग होते. १८४० नंतर पहिला विभाग वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या शिक्षणासाठी आणि दुसरा सुईणींच्या शिक्षणासाठी ठेवलेला होता. एक दिवस एका विभागात भरती, दुसऱ्या दिवशी दुसऱ्या विभागात. येणाऱ्या बहुतेक स्त्रिया गरीब असत. तेथे मोफत उपचार मिळत, आणि त्याच्या बदल्यात शिकाऊ मंडळींनी त्यांना तपासावे अशी व्यवस्था होती. बाळंतपणानंतर चढणाऱ्या तापाने, म्हणजे सूतिकाज्वराने, यांतल्या कितीतरी जणी दगावत. १८४६ साली पहिल्या विभागात ४०१० बाळंतपणे झाली आणि ४५९ माता मरण पावल्या. दुसऱ्या विभागात ३७५४ बाळंतपणांत १०५ माता गेल्या. इमारत तीच, शहराची हवा तीच, मग मृत्यूच्या प्रमाणात चौपट फरक का? शहरातल्या बायकांना हा फरक ठाऊक होता. पहिल्या विभागाच्या भरतीचा दिवस निघाला की त्या गुडघे टेकून, हात जोडून दुसऱ्या विभागात पाठवण्याची विनवणी करीत. आश्चर्य म्हणजे, रुग्णालयात पोहोचण्याआधी रस्त्यातच बाळंत होणाऱ्या बायकाही पहिल्या विभागातल्या बायकांपेक्षा अधिक प्रमाणात वाचत!

सेमेलवाइसांनी एकेक कारण तपासून बाजूला सारले. गर्दी म्हणावी तर ती दुसऱ्या विभागात जास्त होती. दूषित हवा म्हणावी तर ती दोन्हीकडे सारखीच. बाळंतिणीला कुशीवर निजवून पाहिले. मरणासन्न स्त्रीकडे जाणाऱ्या धर्मगुरूच्या घंटेने इतर बायका धास्तावत असतील, म्हणून ती घंटाही बंद करून पाहिली. मृत्यू थांबले नाहीत.

१८४७ च्या मार्चमध्ये त्यांचे मित्र, न्यायवैद्यकाचे प्राध्यापक याकोब कोलेच्का वारले. शवविच्छेदन शिकवीत असताना एका विद्यार्थ्याच्या हातातली सुरी त्यांना लागली आणि ती जखम चिघळली होती. त्यांच्या शवविच्छेदनाचा अहवाल वाचताना सेमेलवाइसांना दिसले, की बाळंतिणींच्या मृत शरीरात जे बिघाड आढळत तेच येथेही आहेत. मग उलगडा झाला. विद्यार्थी आणि डॉक्टर सकाळी शवविच्छेदन करीत आणि तेथून थेट प्रसूतिविभागात जाऊन स्त्रियांना तपासत. सुईणी मात्र शवविच्छेदन करीत नसत. प्रेतातले विष शिकणाऱ्यांच्या आणि शिकवणाऱ्यांच्याच हातांवरून जात होते. त्या हातांत सेमेलवाइसांचे स्वतःचे हातही होते, आणि ही गोष्ट त्यांनी स्वतःपासून लपवली नाही.

१८४७ च्या मेमध्ये त्यांनी नियम केला. विभागात येणाऱ्या प्रत्येकाने क्लोरीनच्या पाण्यात हात धुतल्याशिवाय कोणत्याही स्त्रीला हात लावायचा नाही. नुसत्या साबणाने हाताचा वास जात नाही, म्हणजे विषही जात नसणार, असा त्यांचा तर्क होता. पुढे खर्च वाचवण्यासाठी क्लोरीनयुक्त चुना वापरला जाऊ लागला. आपल्याकडे साथीच्या दिवसांत विहिरीत टाकतात ती ब्लीचिंग पावडर म्हणजे हाच पदार्थ. एप्रिलमध्ये ३१२ बाळंतपणांत ५७ माता गेल्या होत्या. १८४८ च्या संपूर्ण वर्षात ३५५६ बाळंतपणांत ४५ गेल्या, आणि त्या वर्षी दोन महिने असे उजाडले की पहिल्या विभागात एकही बाई दगावली नाही.

मधल्या काळात आणखी एक धडा मिळाला. १८४७ च्या ऑक्टोबरमध्ये गर्भाशयाचा कर्करोग असलेली एक स्त्री विभागात आली. तिला तपासून झाल्यावर डॉक्टरांनी हात नुसत्या साबणाने धुतले आणि रांगेतल्या पुढच्या स्त्रियांना तपासले. त्या वेळी बाळंत झालेल्या बारा जणींपैकी अकरा जणी गेल्या. तेव्हापासून प्रत्येक रुग्णानंतर क्लोरीनने हात धुण्याचा नियम झाला, आणि वाहत्या जखमा असलेल्या स्त्रियांना वेगळे ठेवण्यात येऊ लागले. जंतू अजून कुणी दाखवले नव्हते, पण संसर्ग रोखण्याचे मुख्य नियम त्या विभागात विद्यार्थी रोज पाळू लागले होते.

आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारा मी पहिला. आजीच्या पिढीतल्या बायका सुईणीच्या हातीच बाळंत झाल्या. शिकलेल्या माणसाचा आमच्याकडे एक धाक असतो, तो सांगेल ते बरोबरच असे सगळे धरून चालतात. म्हणूनच व्हिएन्नाचे हे आकडे माझ्या मनातून जात नाहीत. तेथे कमी शिकलेल्या हातांत बाई सुरक्षित होती आणि अधिक शिकलेल्या हातांत तिला धोका होता. याचा अर्थ शिक्षण वाईट असा मुळीच नाही. सेमेलवाइसांना उत्तर सापडले तेही शवविच्छेदनाच्या विद्येमुळेच. पण शिकलेल्या माणसाच्या हातून अपाय होऊ शकतो, हे त्याला सांगणार कोण? आणि सांगितले तर तो ऐकणार का?

व्हिएन्नातल्या पुष्कळ मोठ्या डॉक्टरांनी ऐकले नाही. आपल्याच हातांनी मृत्यू वाटला, हे मान्य करणे फार कठीण होते. जर्मनीतील कील येथील प्राध्यापक मिखाएलिस यांनी ते मान्य केले आणि आपल्या विभागात क्लोरीन सुरू केले. पण त्यांनी तपासलेली त्यांची एक नात्यातली बहीण याच तापाने गेली होती. ते ओझे त्यांना पेलवले नाही आणि १८४८ मध्ये त्यांनी आत्महत्या केली. इकडे १८४९ मध्ये सेमेलवाइसांची मुदत संपली आणि क्लाइन यांनी ती वाढवली नाही. १८५० मध्ये ते तडकाफडकी व्हिएन्ना सोडून गेले. १८५१ पासून पेस्टच्या सेंट रोखुस रुग्णालयात आणि १८५५ पासून तेथील विद्यापीठात प्राध्यापक म्हणून त्यांनी हीच पद्धत चालवली आणि तेथेही मृत्यू कमी करून दाखवले.

तरीही त्यांच्या शिकवण्यात एक उणीव राहिली असे मला वाटते. शोध लागला १८४७ मध्ये आणि त्यावरचा त्यांचा ग्रंथ निघाला १८६१ मध्ये. मधल्या चौदा वर्षांत त्यांनी फारच थोडे लिहिले, म्हणून दूरच्या डॉक्टरांपर्यंत गोष्ट अर्धवट पोहोचली. ग्रंथावर टीका झाली तेव्हा त्यांनी जाहीर पत्रे लिहून नामवंत प्राध्यापकांना खुनी ठरवले. मेलेल्या बायका ज्याने मोजल्या होत्या त्याचा हा संताप समजण्यासारखा आहे. पण संतापाने बंद दारे उघडत नाहीत.

शेवटी त्यांचे मन ढासळले. १८६५ च्या जुलैअखेर त्यांना व्हिएन्नातील वेड्यांच्या इस्पितळात ठेवण्यात आले. तेथे रखवालदारांनी त्यांना मारहाण केली, जखम चिघळली, आणि १३ ऑगस्ट १८६५ रोजी रक्तात विष पसरून त्यांचा अंत झाला. वय अवघे ४७! ज्या प्रकारच्या विषापासून त्यांनी शेकडो माता वाचवल्या, त्यानेच त्यांचा घास घेतला.

दोनच वर्षांनी लिस्टर यांनी जंतुनाशक शस्त्रक्रियेवरचे लेख प्रसिद्ध केले. १८७९ मध्ये पाश्चर यांनी सूतिकाज्वराचे जंतू दाखवून दिले. १९६९ पासून बुडापेस्टच्या वैद्यकीय विद्यापीठाला सेमेलवाइसांचे नाव आहे. तेथे आज येणारा प्रत्येक विद्यार्थी नकळत त्यांचाच विद्यार्थी होतो. आपण कलाशाखेचे विद्यार्थी प्रसूतिविभागात जाणार नाही, पण उद्या कुणी शिक्षक होईल, कुणी ग्रामसेवक, कुणी कचेरीत बसेल. आपले म्हणणे ऐकणारी माणसे आपल्यापुढेही येतील. त्यांना स्वच्छतेचे चार शब्द सांगण्याआधी आपण स्वतःचे हात तपासून पाहिले, तर एवढ्या वर्षांनीही तो तास वाया गेला असे होणार नाही.