सहीविना लिहिलेले अर्थशास्त्र

न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे म्हटले की समाजसुधारक आणि प्रार्थना समाजाचे धुरीण डोळ्यांपुढे उभे राहतात. पण पुण्यात १८७८ च्या जुलैत एक इंग्रजी त्रैमासिक निघाले, त्यामागचे रानडे मात्र फारसे कोणाला आठवत नाहीत. कारणही साधे आहे. त्यातल्या त्यांच्या लेखांवर त्यांचे नावच नसे.

निफाडला १८ जानेवारी १८४२ रोजी जन्मलेले रानडे १८७१ मध्ये न्यायाधीश म्हणून पुण्यात आले. आदल्याच वर्षी गणेश वासुदेव जोशी, म्हणजे लोकांचे सार्वजनिक काका, यांनी तेथे सार्वजनिक सभा स्थापन केली होती. रानडे लवकरच या सभेचे बौद्धिक आधार बनले.

काळ कठीण होता. १८७५ मध्ये पुणे-नगर भागातल्या गांजलेल्या शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरातले कर्जरोखे जाळले. पाठोपाठ १८७६ ते १८७८ चा भीषण दुष्काळ आला. सभेने गावोगावची माहिती गोळा करून सरकारला अर्ज धाडले. पण अर्ज दप्तरात पडून राहतो. छापलेला लेख अधिकाऱ्यांच्या टेबलावर जातो, विलायतेत पोचतो आणि त्याला उत्तर द्यावे लागते. त्रैमासिकाची गरज होती ती यासाठी. शेतसारा, कर्जबाजारीपणा, व्यापार, बुडालेले हस्तोद्योग हे त्याचे विषय. सरकारच्याच अहवालांतले आकडे घ्यायचे आणि त्यांतून सरकारी धोरणाच्या चुका दाखवायच्या, ही त्याची रीत.

सरकारची नोकरी करीत असे लिहिणे हा विस्तवाशी खेळ होता. रानडे यांची नाशिकला बदली झाली. १८७९ मध्ये वासुदेव बळवंत फडके यांचे बंड गाजत असताना ती थेट धुळ्यास झाली. तेथे त्यांची पत्रे फोडून वाचली जात. रमाबाई रानडे यांनी आपल्या आठवणींत त्या दिवसांची हकीकत लिहून ठेवली आहे. रानडे यांनी ना आदळआपट केली, ना लेखणी खाली ठेवली. त्याच वर्षी दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा झाला आणि पुढे त्या कायद्याखालचे विशेष न्यायाधीश म्हणून सरकारने नेमले ते याच रानड्यांना!

माणसे घडवणे हे या त्रैमासिकाचे दुसरे काम. मुख्याध्यापकी सांभाळून आकडेवारीत मुरलेले गणेश व्यंकटेश जोशी त्यात लिहीत. तरुण गोपाळ कृष्ण गोखले यांनी काही वर्षे त्याचे संपादन केले. रानडे यांच्या कडक नजरेखाली मसुदे पुन्हा पुन्हा लिहावे लागत. १८९७ मध्ये लंडनला वेल्बी आयोगापुढे गोखले यांनी हिंदुस्थानच्या खर्चाचा हिशेब मांडला, तेव्हा ती तालीम कामी आली.

दुःखाची गोष्ट अशी की १८९५ मध्ये सभा रानडे यांच्या गटाच्या हातून गेली. त्यांनी भांडत न बसता १८९६ मध्ये डेक्कन सभा काढली. १६ जानेवारी १९०१ रोजी ते गेले.

पुढे १९३० मध्ये पुण्यात गोखले यांच्या नावाने अर्थशास्त्राची संस्था उभी राहिली आणि १९५९ पासून तिचे ‘अर्थविज्ञान’ हे नियतकालिक निघू लागले. त्यातल्या लेखांवर लेखकांची नावे छापली जातात. गरिबीचे कारण नशिबात न शोधता हिशेबात शोधावे, ही शिकवण मात्र त्या बिनसहीच्या पानांची.