पाखरांचा यजमान

जर्मनी देशात थुरिंगिया नावाचा एक वनश्रीने नटलेला प्रदेश आहे. तेथील झेबाख या लहानशा गावी, खंदकाने वेढलेली एक जुनी गढी आहे. त्या गढीच्या जहागीरदार घराण्यात १८५७ साली हान्स फॉन बेर्लेप्श यांचा जन्म झाला. त्यांनी आपले आयुष्य रानातील पाखरांच्या सेवेस वाहिले.

त्या काळी शेते मोठी करण्यासाठी बांधावरची झुडपे तोडली जात. वनातील वठलेली, पोकळ झाडेही टिकत नसत. त्यामुळे झुडपांत आणि ढोलीत राहणारे पक्षी निराश्रित झाले. ज्यांचे घर आपण मोडले, त्यांच्यापुढे मूठभर दाणे टाकून आपले कर्तव्य संपत नाही, हे बेर्लेप्श यांनी जाणले. म्हणून त्यांनी प्रथम निवाऱ्याची सोय केली. दाट काटेरी झुडपे लावली. सुतारपक्ष्यांनी कोरलेल्या अनेक ढोल्या चिरून त्यांची रचना बारकाईने पाहिली. दार किंचित चढते, आतली पोकळी सुरईसारखी आणि तळ निमुळता! अगदी तशाच लाकडी ढोल्या करवून त्यांनी शेकडो झाडांवर टांगल्या.

मग प्रश्न आला अन्नाचा. तेथील हिवाळा फार कडक असतो. इवल्या पाखराच्या अंगी चरबीचा साठा तो केवढा! उपाशीपोटी काढलेली एकच थंड रात्रही त्याचा प्राण घेऊ शकते. लोक अंगणात दाणे टाकीत; परंतु हिमवर्षाव झाला की ते बर्फाखाली गडप होत. ज्या दिवशी घासाची खरी गरज, नेमका त्याच दिवशी घास मिळत नसे. हा दोष बेर्लेप्श यांनी दूर केला. दाण्यांवर बर्फ साचू नये म्हणून त्यांनी छपराची व काचेच्या आडोशाची भोजनघरे उभारली. वितळलेल्या चरबीत बी-दाणे कालवून ते मिश्रण सूचिपर्णी झाडाच्या फांद्यांवर ओतण्याची युक्तीही त्यांनी काढली.

या उद्योगाची कसोटी १९०५ साली लागली. त्या वर्षी हाइनिख नावाच्या अरण्यात अळ्यांचा भयंकर उपद्रव झाला. कोसच्या कोस झाडे निष्पर्ण झाली. बेर्लेप्श यांचे वन मात्र हिरवेगार राहिले. ज्या पाखरांना त्यांनी आसरा दिला होता, त्यांनीच अळ्या टिपून त्या वनाचे रक्षण केले होते!

१९०८ साली झेबाख येथील त्यांच्या कार्यास सरकारमान्य पक्षिसंरक्षण केंद्राचा दर्जा मिळाला. जर्मनीतील असे ते पहिलेच केंद्र होय. १९३३ साली बेर्लेप्श निवर्तले.

मुलांनो, पाखरांना खाऊ घालणे हे सत्कार्य खरे. पण ते जबाबदारीने केले पाहिजे. खारट किंवा बुरसटलेले अन्न त्यांना अपाय करते. भांडी रोज न धुतल्यास एका पाखराचा रोग दुसऱ्यास जडतो. उन्हाळ्यात त्यांना दाण्यांहूनही स्वच्छ पाण्याची निकड असते. पिलांना तर बहुधा अळ्या व किडेच लागतात, आणि ते झाडाझुडपांवाचून मिळत नाहीत. यास्तव एक वाटी दाणे ठेवावे, आणि त्यासोबत एक झाडही जगवावे.