सीताफळाच्या गुणसूत्रांकडून कॅन्सरच्या पेशींकडे

लक्ष्मणफळाच्या पानांचा काढा प्या, कॅन्सर पळून जाईल! जाफराबाद असो नाहीतर जालना, असा मेसेज घरच्या ग्रुपवर कधी ना कधी येऊन पडतोच. खाली लॅबमध्ये सिद्ध झाल्याची पुस्तीही जोडलेली असते. या लॅबमध्ये नेमकं काय होतं, हे समजून घ्यायचं तर डॉ. कमल रणदिवे यांच्याकडे जायला हवं. गंमत म्हणजे, त्यांच्या संशोधनाची सुरुवातच लक्ष्मणफळाच्या भाऊबंदांपासून झाली.

८ नोव्हेंबर १९१७ ला पुण्यात समर्थांच्या घरी कमलताईंचा जन्म झाला. वडील फर्ग्युसन कॉलेजात जीवशास्त्र शिकवायचे. शाळा हुजूरपागा, पुढे कॉलेज फर्ग्युसन. लेकीनं डॉक्टर व्हावं आणि डॉक्टरशीच लग्न करावं, असं वडिलांच्या मनात होतं. तिनं यातलं काहीच केलं नाही. १९३९ मध्ये लग्न केलं ते गणितातल्या माणसाशी, आणि १९४३ मध्ये एमएस्सी केलं ते सीताफळ-रामफळाच्या कुळातल्या गुणसूत्रांवर. लक्ष्मणफळही त्याच कुळातलं.

लग्नानंतर त्या मुंबईला आल्या. टाटा हॉस्पिटलमधली नोकरी, घर आणि अभ्यास सांभाळत डॉ. वसंत खानोलकरांच्या हाताखाली १९४९ मध्ये पीएचडी पुरी केली. मग फेलोशिपवर थेट अमेरिकेत, बाल्टिमोरच्या डॉ. जॉर्ज गाय यांच्या लॅबमध्ये. याच लॅबमध्ये १९५१ मध्ये हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय बाईच्या गाठीतल्या पेशी शरीराबाहेर वाढत राहिल्या. त्यासाठी तिला कुणी विचारलंसुद्धा नव्हतं, हे विसरून चालणार नाही.

तिकडेच थांबता आलं असतं. पण कमलताई परतल्या आणि मुंबईच्या भारतीय कॅन्सर संशोधन केंद्रात त्यांनी देशातली पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा उभी केली. म्हणजे काय, तर काचेच्या भांड्यात, ३७ अंशांच्या उबेत, पोषक द्रवात पेशी जगवायच्या. जरा जंतुसंसर्ग झाला की सगळी मेहनत वाया!

आज एखाद्या वनस्पतीचा अर्क पोटाच्या कॅन्सरवर चालतो का, हे तपासताना पहिली पायरी अशाच पेशींची असते. पण ती पहिलीच पायरी. बशीतल्या पेशी तर कपड्यांच्या ब्लीचनंही मरतात! निरोगी पेशी वाचतात का, औषध गाठीपर्यंत पोचतं का, किती डोस झेपतो, हे पुढचे प्रश्न.

चीनमधल्या एका झाडाचं उदाहरण घ्या. त्यातून कॅम्पटोथेसिन वेगळं काढलं १९६६ मध्ये, अमेरिकेत, मन्रो वॉल आणि आपल्या नंदुरबारचे मनसुख वाणी यांनी. उंदरांच्या ल्युकेमियावर ते चाललं, माणसांवरच्या चाचण्यांत मात्र मूत्राशयाला इजा व्हायला लागली आणि काम थांबलं. त्याच रेणूत बदल करून केलेली औषधं अमेरिकेत मंजूर व्हायला १९९६ उजाडलं. तीस वर्षं! हाच रेणू पुढे आपल्या सह्याद्रीतल्या नरक्या झाडातही सापडला.

कमलताईंचं स्वतःचं काम औषधाच्या आधीच्या प्रश्नावर होतं: कॅन्सर होतो कसा? स्तनांच्या कॅन्सरमागे आनुवंशिकता, हार्मोन्स आणि विषाणू यांचा काय संबंध, हे त्या उंदरांवर तपासत राहिल्या. कुष्ठरोगाच्या जंतूंवरही त्यांनी काम केलं. १९६६ ते १९७० त्या केंद्राच्या प्रभारी संचालक होत्या. १९७३ मध्ये भारतीय महिला शास्त्रज्ञ संघटना उभी राहिली, तिच्या संस्थापकांत त्या होत्या. १९८२ मध्ये पद्मभूषण मिळालं.

निवृत्तीनंतर त्या अहमदनगर जिल्ह्यातल्या आदिवासी पाड्यांवर जायला लागल्या. मुलांचं पोषण कसं आहे याची पाहणी केली, बायकांना आरोग्याचं प्रशिक्षण दिलं. ११ एप्रिल २००१ ला त्यांचं निधन झालं.