महर्षी अण्णासाहेब कर्वे यांचे म्हातारपण

ज्येष्ठ महिन्यात त्र्यंबकेश्वराहून श्रीनिवृत्तिनाथ महाराजांची पालखी पंढरीच्या वाटेला लागते, तेव्हा नाशिकच्या पंचक्रोशीतील सत्तरी ओलांडलेली कितीतरी माणसे तिच्याबरोबर निघतात. गुडघे दुखतात, पण दिंडीत ते गाऱ्हाणे ऐकायला कोणाला सवड असते? हीच मंडळी घरी परतली की मात्र ओट्यावर बसतात, आणि पौषात नाथांच्या यात्रेचा दिवस येईतो सहसा उठत नाहीत. पाण्याचा तांब्यादेखील सूनबाईने हातात द्यायचा! एक महिना चाललो म्हणून अकरा महिने बसलो, हा हिशेब शरीर काही मानीत नाही.

म्हणून या खेपेस अण्णासाहेब कर्वे यांचे चरित्र वाचकांपुढे ठेवीत आहोत. अण्णा माळकरी नव्हते; देवाधर्माविषयी त्यांचे विचार आपल्याहून निराळे होते, हे आधीच सांगून टाकलेले बरे. पण १०४ वर्षांचे आयुष्य, आणि त्याची अखेरची वर्षे आपल्या माणसांत, हाती काही ना काही काम घेऊन, असे भाग्य किती जणांना लाभते? ते भाग्य पुष्कळसे त्यांनी स्वतःच्या पायांनी मिळविले होते.

धोंडो केशव कर्वे यांचा जन्म १८ एप्रिल १८५८ रोजी कोकणात शेरवली येथे झाला. बालपण गेले दापोलीजवळच्या मुरुड गावी. घरची गरिबी, आणि प्रकृती म्हणाल तर अगदी किरकोळ. सतराव्या वर्षी सरकारी नोकरीच्या परीक्षेस बसायचे ठरले. १८७५ च्या पावसाळ्यात समुद्रमार्ग बंद, म्हणून हा मुलगा कुंभार्ली घाट चढून चार दिवसांत सुमारे ११० मैल चालत साताऱ्यास पोचला. तेथील साहेबांनी त्याच्या अंगलटीकडे पाहिले, हा सतरा वर्षांचा दिसत नाही असे ठरविले आणि परीक्षेला बसूच दिले नाही. वयाचा दाखला असून नसल्यासारखा झाला. ज्याचे वय त्या दिवशी कोणी खरे धरले नाही, तो पुढे शंभरी ओलांडून गेला!

मुंबईस शिकवण्या करून ते गणिताचे पदवीधर झाले आणि १८९१ साली पुण्यास फर्ग्युसन महाविद्यालयात शिकवू लागले. त्याच वर्षी पहिली पत्नी राधाबाई वारली. तेव्हाच्या रीतीने एखादी कोवळी मुलगी करून घेता आली असती. त्यांनी ११ मार्च १८९३ रोजी गोदूबाई या विधवेशी लग्न केले. याच पुढच्या आनंदीबाई, सगळ्यांच्या बाया.

गावकीने काय केले? धोंडोपंत घरी राहिला तर घरच्यांवरही बहिष्कार, असा ठराव मुरुडकरांनी केला. आई जिवंत, भाऊ जिवंत, पण लेकाला उंबऱ्याच्या आत घेता येईना. भर पस्तिशीत ज्याचे घर असे बंद झाले, त्याने पुढची सारी वर्षे ज्यांना घर नाही त्यांच्यासाठी घर बांधण्यात घालविली. १८९६ साली अनाथ बालिकाश्रम निघाला. पुण्यात प्लेग आला, तेव्हा १९०० साली आश्रम गावाबाहेर हिंगण्याच्या माळावर नेला. तिथे एक झोपडी, बाकी सगळे रान.

महाविद्यालयाची नोकरी पुण्यात आणि आश्रम चार मैलांवर. दिवसभर गणित शिकवायचे, संध्याकाळी डाळ-तांदळाचे ओझे घेऊन चिखल तुडवीत हिंगण्यास जायचे, रात्री मुलींना शिकवायचे आणि सकाळी पुन्हा पुण्याची वाट धरायची. व्यायाम म्हणून अण्णा चालत नव्हते. काम पलीकडे होते, म्हणून चालत होते. आणि अशा कामामुळेच ती सवय जन्मभर टिकली असे आम्हांस वाटते. हल्ली डॉक्टर मंडळी म्हाताऱ्यांना आठवड्यातून निदान १५० मिनिटे झपझप चालायला सांगतात, आणि पडझड टळावी म्हणून तोल सावरण्याचा व ताकदीचा व्यायामही. अण्णांचे दीडशे मिनिटांचे चालणे एका दिवसातच भरत असेल.

१९१४ साली नोकरी संपली, १९१६ साली त्यांनी महिला विद्यापीठ स्थापन केले. १९२९ साली, वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी, ते विद्यापीठाच्या कामासाठी युरोप, अमेरिका, जपान असा प्रवास करून आले. लगेच पुढे आफ्रिकेस गेले. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, १९३६ साली, खेड्यांतील मुलांच्या शिक्षणासाठी मंडळ काढले. त्यासाठी हा म्हातारा पायी हिंडून लोकांकडून अगदी लहान लहान रकमा गोळा करीत असे. १९४४ साली, शहाऐंशीव्या वर्षी, जातिभेदाविरुद्ध समता संघ काढला. आहार बेताचा, दिनक्रम घड्याळासारखा, चैन कशाची नाही. उद्या सकाळी उठून कुठे जायचे आहे, हे त्यांना ठाऊक असे. आपल्यापैकी पुष्कळांचे म्हातारपण औषधावाचून अडत नाही, ते या एका गोष्टीवाचून अडते.

मात्र अण्णांची एक गोष्ट कोणी गिरवू नये. मिळकतीतले तर राहोच, आयुष्याच्या विम्याचे ५००० रुपयेसुद्धा त्यांनी आश्रमाला देऊन टाकले. बायांचा जीव पोराबाळांच्या काळजीने कासावीस झाला, आणि त्यांचे काय चुकले? त्यांनी नागपूरला जाऊन सुईणीचे काम शिकून घेतले होते, त्या कमाईचा संसाराला टेकू मिळाला. एकजण सारे वाटून टाकतो तेव्हा घरात दुसऱ्याला पदर खोचावा लागतो. म्हातारपणासाठी गाठीला चार पैसे ठेवणे हा काही लोभ नव्हे.

२९ नोव्हेंबर १९५० रोजी बाया गेल्या. सत्तावन्न वर्षांचा संसार. अण्णा तेव्हा ब्याण्णव वर्षांचे. या वयात जोडीदार गेला की भलेभले खचतात. अण्णा हिंगण्यातच राहिले. धाकटे चिरंजीव भास्करराव आणि सूनबाई कावेरीबाई तिथेच संस्थेचे काम पाहत. त्यांचा आधार होता. भोवती मुलींची वर्दळ, शाळेची घंटा, ओळखीची वाट. परक्या जागी जाऊन पडण्याची वेळ त्यांच्यावर आली नाही. याचे श्रेय अण्णांच्या पायांना जेवढे, तेवढेच त्या मुलासुनेला आहे. चरित्रकार हे सांगायला विसरतात. दुसरे चिरंजीव शंकरराव आफ्रिकेत डॉक्टर होते. सगळी मुले जवळ राहतील असे तेव्हाही नव्हते, आताही नाही.

१८ एप्रिल १९५८ रोजी मुंबईस ब्रेबॉर्न स्टेडियमवर त्यांच्या शताब्दीचा सोहळा झाला. पंतप्रधान पंडित नेहरू हजर होते. त्याच वर्षी भारतरत्न ही पदवी मिळाली. ज्याला मुरुडकरांनी वाळीत टाकले होते, त्याला आता सारा देश आपला म्हणत होता. ९ नोव्हेंबर १९६२ रोजी अण्णांनी देह ठेवला.

हिंगण्याचा तो माळ आता पुणे शहराच्या पोटात गेला आहे. त्याला कर्वेनगर म्हणतात. संस्था चालू आहे, सुरुवातीची झोपडीही जपून ठेवली आहे. आणि पुण्याहून तिकडे जाणारा जो मोठा रस्ता आज मोटारींनी भरून वाहतो, त्याला कर्वे रस्ता असे नाव आहे.