रेचेल कार्सन : विषाचा माग काढणारी लेखणी

जानेवारी १९५८ मध्ये अमेरिकन लेखिका रेचेल कार्सन यांच्या हाती एका मैत्रिणीचे पत्र पडले. मॅसॅच्युसेट्स राज्यात डासांच्या नायनाटासाठी विमानातून डीडीटी फवारले गेले होते आणि त्यानंतर तिच्या घराच्या आवारात पक्षी मरून पडले होते. कार्सन यांना हा विषय नवा नव्हता. १९४५ मध्येच त्यांनी डीडीटीवर लेख लिहिण्याची तयारी एका मोठ्या मासिकाला कळवली होती. परंतु मासिकाने नकार दिला. तो काळ डीडीटीच्या जयजयकाराचा होता. त्याचा कीटकनाशक गुण शोधणारे पाउल म्युलर यांना १९४८ मध्ये नोबेल पारितोषिकही मिळाले.

कार्सन यांचा जन्म २७ मे १९०७ रोजी पेनसिल्व्हेनियातील स्प्रिंगडेल येथे झाला. आईचे बोट धरून त्यांनी पक्षी आणि झाडे ओळखायला शिकून घेतले. लेखिका व्हायचे म्हणून त्या महाविद्यालयात इंग्रजीकडे गेल्या आणि तेथे जीवशास्त्राकडे वळल्या. १९३२ मध्ये प्राणिशास्त्राची पदव्युत्तर पदवी मिळाली. १९३५ मध्ये वडील वारले, घराचा भार अंगावर आला आणि त्यांनी सरकारी मत्स्य विभागात नोकरी धरली. १९५१ मधील ‘द सी अराउंड अस’ या सागरविषयक ग्रंथाने त्यांना कीर्ती दिली. पुढच्याच वर्षी नोकरी सोडून त्या पूर्णवेळ लेखनाकडे वळल्या.

मैत्रिणीच्या पत्रानंतर त्यांनी सुमारे चार वर्षे शास्त्रज्ञांचे अहवाल गोळा केले आणि विखुरलेल्या नोंदी एका धाग्यात ओवल्या. मिशिगनमध्ये एल्म वृक्षांवरील रोग पसरवणाऱ्या भुंगेऱ्यांवर डीडीटी फवारले जाई. शरद ऋतूत ती पाने गळत, गांडुळे ती खात आणि वसंतात परतणारे रॉबिन पक्षी गांडुळे खाऊन तडफडून मरत. पक्ष्यांवर कोणी फवारणी केलीच नव्हती. कॅलिफोर्नियातील क्लिअर लेक या सरोवरात चिलटांसाठी डीडीटीचाच भाऊबंद असलेले डीडीडी मिसळले गेले होते. पाण्यात त्याचे प्रमाण पाच कोटी भागांत एक भाग इतके अल्प होते. ते प्लवकांत, प्लवकांतून माशांत आणि माशांतून टिबुकलीच्या कुळातील ग्रीब पक्ष्यांत साठत गेले. या पक्ष्यांच्या चरबीत ते दहा लाख भागांत १६०० भाग आढळले. हजाराहून अधिक जोड्यांपैकी जेमतेम तीस उरल्या.

या काळात त्यांचे स्वतःचे आयुष्य विस्कटत होते. भाचीच्या मृत्यूनंतर तिच्या लहान मुलाला त्यांनी पदरात घेतले होते. १९५८ च्या अखेरीस आई गेली. १९६० मध्ये त्यांना स्तनाचा कर्करोग झाला. शस्त्रक्रिया आणि किरणोपचार सोसत त्यांनी लेखन चालू ठेवले. मात्र आजार लोकांपासून लपवून ठेवला. रसायनांविषयीचा निष्कर्ष रोगाच्या रागातून काढला, असे म्हणण्याची संधी त्यांना कोणालाही द्यायची नव्हती.

२७ सप्टेंबर १९६२ रोजी ‘सायलेंट स्प्रिंग’ प्रसिद्ध झाले आणि रसायन उद्योग खवळला. एका कंपनीने प्रकाशकाला खटल्याची धमकी दिली. कार्सन यांच्या शास्त्रीय अधिकारावर आणि अविवाहित असण्यावरही टीका झाली. वास्तविक सर्व कीटकनाशके बंद करा, अशी त्यांची मागणी नव्हती. परिणाम न तपासता विष सरसकट पसरण्याला त्यांचा विरोध होता. मे १९६३ मध्ये राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्या विज्ञान सल्लागार समितीच्या अहवालाने त्यांच्या प्रतिपादनाला मोठा आधार दिला. जूनमध्ये त्यांनी सिनेटच्या समितीपुढे साक्ष दिली, तेव्हा समोर बसलेल्या बहुतेकांना त्यांच्या दुखण्याची कल्पना नव्हती.

१४ एप्रिल १९६४ रोजी वयाच्या ५६ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. अमेरिकेने १९७२ मध्ये शेतीतील डीडीटीवर बंदी घातली. भारतात तशी बंदी १९८९ मध्ये आली. डीडीटीमुळे अंड्यांचे कवच पातळ होऊन अमेरिकेचे मानचिन्ह असलेला बॉल्ड ईगल हा गरुड नामशेष होऊ लागला होता. २००७ मध्ये तो संकटग्रस्तांच्या यादीतून बाहेर पडला. ते पाहायला कार्सन नव्हत्या.