एडिसन खरोखर किती झोपत?

थॉमस अल्वा एडिसन यांचा जन्म १८४७ मध्ये अमेरिकेतील ओहायो राज्यात झाला. सोळाव्या वर्षी ते कॅनडातील स्ट्रॅटफर्ड रेल्वे स्थानकावर तारयंत्राच्या रात्रपाळीला लागले. तारवाला जागा आहे हे वरिष्ठांना कळावे, म्हणून त्याने दर तासाला ठरावीक संकेत पाठवायचा, असा नियम होता. एडिसन दिवसा प्रयोगांत गुंतलेले असत आणि रात्री डोळे मिटत. त्यांनी घड्याळाला खाचा पाडलेले चाक जोडले. संकेत आपोआप जाऊ लागले आणि तारवाला झोपू लागला. पुढे हे उघडकीस आले आणि त्यांना बोलणी खावी लागली.

१८७६ मध्ये त्यांनी मेन्लो पार्क येथे प्रयोगशाळा उभारली. १८७९ मध्ये तिथेच त्यांचा विजेचा दिवा यशस्वी झाला. रात्र-रात्र काम चाले. आपल्याला चार-पाच तासांची झोप पुरते, जास्त झोप म्हणजे वेळेचा अपव्यय, असे ते सांगत. त्यांच्या नावावर अमेरिकेत १,०९३ पेटंट जमा झाल्याने लोकांना ते पटलेही.

प्रत्यक्षात एडिसन दिवसा कुठेही डुलकी काढत. वेस्ट ऑरेंज येथील प्रयोगशाळेच्या ग्रंथालयात त्यांच्यासाठी खाट होती. १९२१ मध्ये राष्ट्राध्यक्ष हार्डिंग यांच्यासोबत सहलीला गेले असता ते झाडाखाली झोपी गेल्याचे छायाचित्रही आहे. प्रयोगशाळेतील हजेरीच्या घड्याळात ते स्वतःचे कार्ड पंच करत. त्यात कामाचे तास नोंदले जात, मधल्या डुलक्या नाहीत. १९३१ मध्ये, ८४व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

झोपेच्या अभ्यासकांपुढे आजही हाच पेच आहे. माणूस पहाटे तरतरीत असतो की रात्री, हे ठरवण्यासाठी हॉर्न आणि ऑस्टबर्ग यांची १९७६ची प्रश्नावली वापरतात. दुसरीकडे, मनगटावरचा ॲक्टिग्राफ हालचालींवरून झोपेची वेळ नोंदवतो. दोन्हींची उत्तरे नेहमी जुळत नाहीत. प्रश्नावली शरीराची आवड विचारते, तर यंत्र त्या दिवसांत काय घडले ते दाखवते. सोळा वर्षांच्या एडिसन यांच्या मनगटावर असे यंत्र असते, तर त्यात त्यांची आवड नव्हे, रात्रपाळी उमटली असती. शिवाय स्वस्थ पडून राहणेही यंत्र झोप समजू शकते.

तरुणांच्या बाबतीत ही तफावत महत्त्वाची आहे. किशोरवयात शरीराचे घड्याळ पुढे सरकते आणि विशीच्या आसपास उशिरा झोपण्याकडे कल सर्वाधिक असतो. कॉलेज किंवा नोकरी मात्र सकाळी लवकर उठवते. त्यामुळे नुसते स्वतःच्या अंदाजावर किंवा घड्याळातल्या आकड्यावर विसंबू नये. दोन आठवडे झोपण्या-उठण्याच्या वेळा लिहाव्यात, सुट्टीचे दिवस आणि दुपारच्या डुलक्याही धराव्यात. प्रौढांना साधारण सात तास तरी झोप हवी. पुरेसे झोपूनही दिवसा पेंग येत असेल, तर डॉक्टरांना ही नोंद दाखवावी.