भक्ती बर्वे : प्रमाणभाषा आणि बोली यांमधील अभिनेत्री

स्वातंत्र्योत्तर मराठी रंगभूमीच्या इतिहासात भक्ती बर्वे (१९४८–२००१) यांचे नाव प्रामुख्याने एकाच भूमिकेशी जोडले जाते. तथापि त्यांच्या कारकिर्दीचा भाषिक अंगाने विचार केल्यास तिचे महत्त्व त्या भूमिकेपलीकडे जाते.

सांगली येथे जन्मलेल्या भक्ती बर्वे यांची अभिनयाची जडणघडण सुधा करमरकर यांच्या बालरंगभूमीवर झाली. पुढे आकाशवाणीवर निवेदिका आणि १९७२ मध्ये सुरू झालेल्या मुंबई दूरदर्शनवर वृत्तनिवेदिका म्हणून त्या परिचित झाल्या. प्रमाण मराठीचा निर्दोष उच्चार ही या माध्यमांची पहिली अट होती. हीच अभिनेत्री १९७५ मध्ये पु. ल. देशपांडे यांच्या 'ती फुलराणी'त मंजुळा म्हणून अवतरली. शॉच्या 'पिग्मॅलियन'वर आधारित या नाटकात सतीश दुभाषी प्राध्यापकाच्या भूमिकेत होते. फुले विकणाऱ्या मंजुळेची बोली प्राध्यापकाच्या लेखी केवळ दुरुस्तीचा विषय असते. मंजुळेच्या संतापाचे स्वगत भक्तीबाईंनी असे उभे केले की, प्रेक्षक तिच्या उच्चारांना हसण्याऐवजी तिच्या अपमानाचा साक्षीदार झाला.

दूरदर्शनवर त्यांनी साकारलेली बहिणाबाई चौधरी ही याच धाग्यातील दुसरी भूमिका होय. अक्षरओळख नसलेल्या या कवयित्रीची प्रतिभा खानदेशच्या बोलीतच फुलली होती. अजित दळवी यांच्या 'गांधी विरुद्ध गांधी'मधील त्यांच्या कस्तुरबाही उल्लेखनीय ठरल्या. 'जाने भी दो यारो' (१९८३) या चित्रपटामुळे त्या हिंदी प्रेक्षकांपर्यंत पोहोचल्या. १९९० मध्ये त्यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार लाभला. 'पु. ल., फुलराणी आणि मी' हा एकपात्री कार्यक्रमही त्या सादर करीत. १२ फेब्रुवारी २००१ रोजी वाईहून मुंबईस परतताना द्रुतगती मार्गावरील अपघातात त्यांचे निधन झाले.

मुकुंदराजांची समाधी ज्या अंबाजोगाईत दाखविली जाते, त्या बीड जिल्ह्यातही विद्यार्थ्याची घरची बोली वर्गात अशुद्ध ठरते. येथील अध्यापकाला भक्तीबाईंची कारकीर्द म्हणूनच विचारप्रवृत्त करते. प्रमाणभाषा अवगत करून देणे हे त्याचे कर्तव्य आहेच. परंतु त्यासाठी विद्यार्थ्याला त्याच्या बोलीची लाज वाटावयास लावणे आवश्यक नाही. प्रमाणभाषेवर पूर्ण प्रभुत्व असलेल्या या अभिनेत्रीने बोलीला रंगमंचावर दिलेली प्रतिष्ठा हेच सुचविते.